वेबसाइटवरचे फोटो सर्चमध्ये दिसत नाहीत? या चुका टाळा

फोटो सर्चमध्ये येत नाहीत म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: ‘कॉम्प्रेस करून टाका.’ मग एखादं प्लगइन बसतं, सगळे फोटो एका फटक्यात हलके होतात आणि महिन्याभरानं पाहावं तर फरक काहीच नाही. सर्च इंजिनला फोटो सापडतोय का, तो वाचकापर्यंत वेळेत पोचतोय का आणि त्यात काय आहे ते कळतंय का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. फाइलचं वजन त्यातल्या एकाच प्रश्नाचा भाग आहे. आपलं घोडं कुठे अडलंय ते आधी शोधा, प्लगइन नंतर.

वरच्या मोठ्या फोटोला लेझी लोडिंग

ही चूक मला सगळ्यात जास्त वेळा दिसते. मी सांभाळत असलेल्या एका साइटवर वरचा फोटो वेबपी फॉरमॅटमध्ये होता, १०० केबीच्या आत होता, तरी पान उघडल्यावर तिथे बराच वेळ पांढरा चौकोन दिसायचा. पानाचा वेग मोजणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये एलसीपी, म्हणजे पहिल्या स्क्रीनवरचा सर्वात मोठा घटक दिसायला लागलेला वेळ, उघडून पाहिला. फोटो डाउनलोड व्हायला जेमतेम वेळ लागत होता. सगळा उशीर डाउनलोड सुरू होण्याआधीचा होता. थीमनं पानावरच्या सरसकट सगळ्या फोटोंना लेझी लोडिंग, म्हणजे फोटो स्क्रीनजवळ येईपर्यंत तो न मागवण्याची सोय, लावून ठेवलं होतं.

असं का होतं? लेझी फोटो आत्ता स्क्रीनवर येणार आहे की खाली आहे, हे ब्राउझरला पानाची मांडणी तयार झाल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी आधी सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी फाइल, यावी लागते. तोवर फोटो ताटकळत राहतो. स्लायडरमध्ये फोटोचा खरा पत्ता (यूआरएल) ‘डेटा-सोर्स’मध्ये लपवून जावास्क्रिप्टनं भरला जात असेल तर आणखी वाईट, कारण पानाचा एचटीएमएल कोड वाचता वाचता फोटो आधीच मागवून ठेवणाऱ्या ब्राउझरच्या स्कॅनरला तो दिसतच नाही.

उपाय दोन मिनिटांचा आहे. त्या एका फोटोवरून लेझी लोडिंग काढा आणि त्याच्या टॅगमध्ये ‘फेचप्रायॉरिटी’ हाय द्या, म्हणजे ब्राउझर तो आधी मागवतो. त्या एकालाच, पाच फोटोंना हाय दिलं तर कुणालाच प्राधान्य उरत नाही. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग राहू द्या, तिथे ते चांगलंच आहे. गूगलच्या निकषाप्रमाणे किमान ७५ टक्के भेटींमध्ये एलसीपी २.५ सेकंदांच्या आत असावा.

कॅमेऱ्यातला फोटो जसाच्या तसा चढवणं

४००० × ३००० पिक्सेलचा फोटो ८०० × ६०० च्या जागेत दाखवला, तर गरजेच्या २५ पट पिक्सेल आपण वाचकाच्या माथी मारतो. कॉम्प्रेस करून फाइल लहान झाली तरी उघडताना तेवढेच १ कोटी २० लाख पिक्सेल फोनच्या मेमरीत मावावे लागतात. म्हणून आधी लांबीरुंदी कमी करा, मग कॉम्प्रेस करा. दुप्पट घनतेच्या स्क्रीनसाठी १६०० रुंदीची प्रत ठेवा आणि निवड ‘सोर्ससेट’वर, म्हणजे टॅगमधल्या वेगवेगळ्या रुंदीच्या प्रतींच्या यादीवर, सोपवा.

इथे एक बारीक खोच आहे. रुंदीनुसार सोर्ससेट दिला आणि ‘साइझेस’ (फोटो पानावर किती रुंद दिसणार ते) लिहायचं राहून गेलं, तर ब्राउझर फोटो पूर्ण स्क्रीनच्या रुंदीचा आहे असं धरून चालतो आणि छोट्याशा थंबनेलसाठीही भलीमोठी फाइल उतरवतो. एवढा खटाटोप करूनही पान जड का, याचं उत्तर अनेकदा इथेच सापडतं.

फॉरमॅटबद्दल थोडक्यात: फोटो पीएनजीमध्ये ठेवू नका, वेबपी किंवा एव्हीआयएफ वापरा, लोगो एसव्हीजीमध्ये. आणि प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहा, म्हणजे फोटो येताच मजकूर खाली ढकलला जात नाही.

फोटो गूगलला सापडतच नाही

सीएसएसमध्ये बॅकग्राउंड म्हणून लावलेले फोटो गूगल इंडेक्स करत नाही, म्हणजे शोधाच्या यादीत घेत नाही. दिसायला पान देखणं, पण इमेज सर्चमध्ये शून्य. महत्त्वाचा फोटो एचटीएमएलच्या आयएमजी टॅगमध्येच हवा. गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्रॅम, पान स्क्रोल करत नाही, बटणही दाबत नाही. स्क्रोल केल्यावरच येणारे फोटो त्याला दिसण्याची खात्री नाही. साइटमालकांसाठीच्या गूगल सर्च कन्सोलमध्ये यूआरएल इन्स्पेक्शन चालवा, रेंडर झालेला एचटीएमएल उघडा आणि फोटोचा खरा पत्ता त्यात आहे का ते पाहा. सोबत रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे सर्च इंजिननं काय वाचू नये ते सांगणारी फाइल, तीही तपासा. अपलोडचा अख्खा फोल्डर कुणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेला असतो आणि नंतर ते कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आल्टमध्ये कीवर्ड कोंबणं

‘सायकल, सायकल दुरुस्ती, स्वस्त सायकल, बेस्ट सायकल’ असा आल्ट (फोटोचं वर्णन करणारा टॅगमधला मजकूर) मी आजही पाहतो आणि मला मनापासून वाईट वाटतं. दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडर हे अक्षरशः वाचून दाखवतो. त्याच्या कानावर काय पडतंय याचा विचार करा. त्याऐवजी ‘गंजलेली सायकल चेन जुन्या टूथब्रशनं घासून साफ करताना’ असं लिहा. त्या वाचकाला चित्र उभं राहतं आणि सर्च इंजिनलाही नेमका विषय कळतो. फोटो लिंक असेल तर आल्ट हाच लिंकचा मजकूर धरला जातो, तेव्हा क्लिक केल्यावर कुठे जाणार ते त्यात येऊ द्या. निव्वळ सजावटीच्या चित्राला आल्ट रिकामा ठेवा, पण तो टॅगमधून काढून टाकू नका. नाहीतर काही स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचत बसतात.

चालू फोटोंचे पत्ते बदलणं

नव्या फोटोला चढवण्याआधीच अर्थपूर्ण नाव द्या आणि शब्द हायफननं जोडा. नाव रोमनमध्ये ठेवलेलं सोयीचं, कारण देवनागरी अक्षर पत्त्यात सांकेतिक रूपात गेलं की एकेका चिन्हाचे नऊ-नऊ वर्ण होतात. पण जुन्या, इंडेक्स झालेल्या फोटोंची नावं सुधारायला बसू नका. नावातून मिळणारा इशारा अगदी हलका आणि पत्ता बदलण्याची किंमत मोठी. गूगल पानांच्या मानानं फोटो फार क्वचित पुन्हा तपासतो, त्यामुळे नवा पत्ता रुजायला महिनेही जाऊ शकतात.

सगळे जेपेग वेबपीत बदलताना हीच चूक होते: फाइलचं एक्स्टेन्शन बदलतं, म्हणजे पत्ताच बदलतो. ‘पिक्चर’ टॅग वापरा. वेबपी त्यातल्या ‘सोर्स’मध्ये द्या आणि आयएमजीत जुनाच जेपेग राहू द्या, पत्ता शाबूत राहतो. पत्ता बदलणं अटळच असेल तर प्रत्येक फोटोला ३०१ रीडायरेक्ट द्या, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवा. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये सर्च टाइप ‘इमेज’ निवडून बदलाच्या आधीचे आणि नंतरचे क्लिक शेजारी ठेवून पाहा. ते पूर्ववत होईपर्यंत रीडायरेक्ट काढू नका.