ओकायामा: आधी बाग, मग किल्ला

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलं, ती कोराकुएन जपानमधल्या ओकायामात आहे. ओसाकाच्या शिन-ओसाका स्टेशनहून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, पाऊण तासाच्या आसपास लागतो. बाग आणि किल्ला मिळून अर्धा दिवस पुरतो. मात्र क्रम उलटा धरू नका.

स्टेशनच्या पूर्वेला ट्राम मिळते. हिगाशियामाची ट्राम धरून तिसऱ्या थांब्यावर, शिरोशिताला उतरा. सेइकिबाशीच्या ट्राममध्ये चढलात तर ती त्याआधीच, यानागावाला वळते. घाईत हमखास होणारी चूक हीच. भाडं उतरताना द्यायचं, म्हणून सुटी नाणी हाताशी ठेवा.

शिरोशिताहून दहाएक मिनिटं चाललं की त्सुरुमी पूल लागतो. तो ओलांडून बागेच्या मुख्य दारातून आत शिरा. किल्ला आणि बाग दोन्हींचं एकत्र तिकीट इथेच घ्या, स्वस्त पडतं. बाग 20 मार्च ते 30 सप्टेंबर सकाळी साडेसातला उघडते, एरवी आठला. उघडताक्षणी जाण्याला कारण आहे: किल्ला बागेच्या दक्षिणेला आहे. दुपारी ऊन त्याच्या मागून येतं आणि आधीच काळा असलेला किल्ला फोटोत नुसती सावली होऊन बसतो.

सरंजामदार इकेदा त्सुनामासाच्या हुकमावरून 1687 मध्ये काम सुरू झालं, 1700 मध्ये बाग पुरी झाली. जपानी बागेत सहसा न दिसणारी मोकळी हिरवळ इथे आहे, शिवाय भातखाचरं आणि चहाचा मळाही. हिवाळ्यात हिरवळ पिवळी पडते आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुद्दाम जाळतात, तेव्हा काळी जमीन पाहून हिरमुसू नका. कमळांसाठी जून-जुलैत या, तेही भल्या सकाळी. ऊन चढलं की फुलं मिटतात.

युइशिन्झान टेकडी जेमतेम सहा मीटरांची, पण चढाच. वाट वळेल तसं तळं झाडांआड लपतं आणि पुन्हा समोर येतं. तिथून र्‍युतेनकडे या. हे लाकडी विश्रामगृह 1945 च्या बॉम्बहल्ल्यातून वाचलं. दोन्ही बाजू उघड्या, मधोमध पाण्याचा पाट, पाटात सहा रंगीत दगड. कडेला बसा आणि निदान दहा मिनिटं उठू नका. पाणी दगडाला वळसा घालताना जो बारीक आवाज करतं, तो गर्दी वाढली की ऐकू येत नाही.

दक्षिण दारातून बाहेर पडलं की त्सुकिमी पूल आणि पलीकडे किल्ला, नऊपासून उघडा. उकिता हिदेइएने 1597 मध्ये बांधलेला मूळ बुरूज 1945 मध्ये जळाला. आजचा 1966 चा, काँक्रीटचा आहे. आत जुनं लाकूडकाम शोधू नका, ते पाहायचं तर हिमेजीचा किल्ला गाठा. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच जाते, पुढचे दोन मजले जिन्याने. अस्सल जुनं बांधकाम हवं असेल तर आवारातला त्सुकिमी यागुरा हा छोटा बुरूज पाहा. तो आगीतून वाचला, आणि बहुतेक लोक त्याच्यासमोरून न थांबता निघून जातात.