पाठ असलेले पसायदान वाचावे कसे: कोकणातल्या विद्यार्थ्यांसाठी जुन्या मराठीची ओळख

कोकणातल्या अनेक शाळांत पसायदान प्रार्थनेच्या वेळी म्हटले जाते. तरीही ‘येणें वाग्यज्ञें तोषावें’ या चरणाची फोड करावयास सांगितले, की नववी-दहावीचा विद्यार्थी अडखळतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये लिहून झाली. इतक्या अंतरावरूनही तिची भाषा आपलीच वाटते, आणि अडचण नेमकी या वाटण्यातच आहे. ग्रीसमधील मुले शाळेत प्राचीन ग्रीक शिकतात तेव्हा त्यांच्यापुढेही असाच पेच असतो: लिपी तीच, कितीतरी शब्द ओळखीचे, परंतु चतुर्थी विभक्ती रोजच्या बोलण्यातून गेलेली आणि जुन्या लेखनातील स्वरांवरची बहुतेक आघातचिन्हे १९८२ पासून शालेय लेखनातून वगळलेली.

आपल्याकडे तशी गत अनुस्वारांची झाली. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी, ज्यांचा स्पष्ट उच्चार होत नाही असे अनुस्वार लिहिण्याची गरज उरली नाही. आजच्या लेखनापुरते ते योग्यच झाले. पण जुन्या मराठीत ही टिंबे विभक्ती सांगतात, म्हणून पहिला अभ्यास त्यांचाच करावा. पसायदानाच्या नऊ ओव्या एकेक ओळ मोकळी सोडून वहीत उतरवाव्यात आणि अर्थाकडे वळण्यापूर्वी प्रत्येक अनुस्वाराखाली पेन्सिलीने खूण करावी. ‘विश्वात्मकें देवें’ म्हणजे विश्वात्मक देवाने: येथे ‘एं’ हा तृतीयेचा प्रत्यय आहे. ‘सत्कर्मीं’ म्हणजे सत्कर्मात, आणि ही सप्तमी आपण ‘घरी’, ‘दारी’, ‘गावी’ या रूपांत आजही वापरतो. ‘भूतां परस्परें पडो’ यातील ‘भूतां’ म्हणजे भूतांना, सर्व प्राणिमात्रांना. ‘मैत्र जीवाचें’ यातील टिंब मात्र नपुंसकलिंग दाखवते. या चार जागा नीट कळल्या, की पुढच्या ओव्यांतील निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

या बाबतीत किनाऱ्यावरच्या मुलांना एक सोय आहे, जिचा शाळेत फारसा उपयोग करून घेतला जात नाही. मालवणीत ‘माझां घर’, ‘बरां झालां’ असे म्हणताना नपुंसकलिंगी रूपाचा शेवट नाकातून येतो. शेजारच्या कोंकणीत आणि चित्पावनी बोलीतही असे सानुनासिक स्वर जिवंत आहेत. प्रमाण मराठीत कागदावरूनही गेलेला अनुस्वार अशा घरांत अजून ऐकू येतो. तेव्हा ओवी मोठ्याने आणि टिंबांचा उच्चार करून वाचावी. बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्या शिक्षकांनी निदान या तासापुरता तरी तो आग्रह सोडावा.

त्यानंतर क्रियापदांकडे वळावे. ‘तोषोनि’, ‘होऊनि’ ही रूपे सोपी आहेत, कारण शेवटची ‘इ’ काढली की आजच्या रूपाच्या जवळ पोहोचता येते. ‘सांडो’, ‘वाढो’, ‘लाहो’ यांत इच्छा किंवा प्रार्थना आहे. ‘भजिजो’ हे रूप मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. त्यातील ‘इज’ कर्मणी प्रयोगाची खूण आहे, म्हणून अर्थ ‘भजला जावो’ असा होतो. ‘कीजे’, ‘जाणिजे’ ही रूपे याच घडणीची, आणि आपले रोजचे ‘पाहिजे’ हा तिचाच अवशेष आहे.

सर्वांत जास्त फसवतात ते ओळखीचे शब्द. ‘खळांची व्यंकटी सांडो’ यात काही सांडत-लवंडत नाही. सांडणे म्हणजे टाकून देणे, आणि दुष्टांचा वाकडेपणा सुटावा एवढेच मागणे आहे. ‘व्यंकटी’ अडले तर विद्यार्थी कोश उघडतो, ‘सांडो’ मात्र कळले असे समजून पुढे जातो. म्हणून नियम असा ठेवावा, की अनोळखी शब्दाबरोबरच ज्या ओळखीच्या शब्दाने वाक्य किंचित विचित्र वाटते तोही शोधावा. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात जुन्या ग्रंथांतील उदाहरणे दिलेली असल्याने तो या कामी उपयोगी पडतो. जुन्या मराठीसाठी तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा स्वतंत्र कोशही आहे, परंतु त्यातील अर्थ इंग्रजीत दिलेले आहेत.

पसायदानानंतर थेट तेराव्या अध्यायाला हात घालू नये. आधी लीळाचरित्र या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या गद्यग्रंथातील लहान लीळा वाचाव्यात, कारण गद्यात शब्दांचा क्रम छंदासाठी हलत नाही. मग ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय घ्यावा, जो तुलनेने लहान आहे. प्रत एकच धरावी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली परंपरा आणि इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत यांत रूपे वेगळी आढळतात, आणि नवख्या वाचकाला तो फरक स्वतःचीच चूक वाटतो.

रायगडच्या विद्यार्थ्यांनी यापुढे अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख घ्यावा. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा सांगितला जातो, जरी त्या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यातील ‘सकु संवतु’ आणि ज्ञानेश्वरीच्या शेवटी येणारे ‘लेखकु’ शेजारी लिहून पाहिल्यास दोन्हींतील पुल्लिंगी प्रथमेचा ‘उ’ लगेच ध्यानात येतो. ‘पसीमसमुद्राधीपती’ या बिरुदात ऱ्हस्व-दीर्घाची आजची अपेक्षा ठेवू नये. मूळ दगडावरची अक्षरे लावणे कठीण जाते, म्हणून छापील वाचन सोबत न्यावे आणि एका वेळी एकच ओळ ताडून पाहावी.