कंचेभागुबेव पाठ आहे, तरी उत्तर का चुकतं?

५० − २४ ÷ ४ × ३ + २ × (९ − ४)

या पदावलीचं उत्तर ४२. २२ किंवा ५८ आलं असेल, तर आकडेमोड बरोबर असूनही क्रम चुकला.

कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी: सहा अक्षरं ओळीने पाठ केली की पायऱ्याही सहा वाटतात. पायऱ्या चारच आहेत. भागाकार आणि गुणाकार एका पायरीवर, बेरीज आणि वजाबाकी एका पायरीवर. एकाच पायरीवरच्या क्रिया डावीकडून येतील तशा करायच्या.

गंमत अशी की ‘भागु’ने उत्तर बिघडत नाही. ४ × ६ ÷ ३ मध्ये आधी भागाकार केला तरी ८ आणि डावीकडून गेलं तरी ८. घोळ घालतं ते ‘बेव’. १० − ४ + ३ मध्ये आधी बेरीज केली, तर १० − ७ म्हणजे ३ येतात. बरोबर उत्तर ९. वजाचं चिन्ह फक्त ४ चं आहे, पुढच्या ३ शी त्याचा संबंध नाही. अमेरिकेत क्रम लक्षात ठेवायला ‘पेमडास’ हा शब्द शिकवतात, त्यात बेरीज आधी आहेच, वर गुणाकारही भागाकाराच्या आधी. त्यामुळे तिथली काही मुलं २४ ÷ ४ × ३ चं उत्तर १८ ऐवजी २ काढतात.

म्हणून अक्षरं आठवत बसण्यापेक्षा पदावली तोडा. कंसाबाहेरच्या प्रत्येक + आणि − च्या आधी उभी रेघ मारा. चिन्ह त्याच्या उजवीकडच्या तुकड्यालाच चिकटलेलं राहतं:

५० | − २४ ÷ ४ × ३ | + २ × (९ − ४)

आता कंस सोडवा: ५. मग एकेक तुकडा डावीकडून: दुसरा −१८, तिसरा +१०. शेवटी ५० − १८ + १० = ४२. कंसात कंस असेल तर सर्वांत आतला आधी, आणि त्याच्या आतही हीच रेघांची पद्धत.

गुणाकाराला आधी मान का? ४० रुपयांच्या ५ वह्या आणि १० रुपयांची २ पेनं: ५ × ४० + २ × १० = २२०. हेच दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर सलग दाबलं तर २०२० येतात, कारण तो प्रत्येक क्रिया हातोहात उरकतो. तिथे आधी मेमरी पुसा, मग ५ × ४० एम+, २ × १० एम+ आणि शेवटी एमआरसी एकदाच दाबा. मोबाइलवरचे कॅल्क्युलेटर बहुधा क्रम पाळतात. खात्री हवी तर २ + ३ × ४ करून बघा. १४ आले तर पाळतो, २० आले तर नाही.

‘चे’ म्हणजेही गुणाकारच, पण तो भागाकाराच्या आधी. १२ ÷ ४ चा १/२ म्हणजे १२ ÷ २ = ६. ‘चा’ऐवजी × लिहिलं की दीड. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ८ ÷ २(२ + २) चं भांडणही याच जातीचं. कंसाला चिकटलेला २ ‘चे’सारखा घट्ट धरला तर १, साधा × मानला तर १६. कॅसिओचा एफएक्स-९९१ईएक्स स्वतःच कंस घालून १ दाखवतो, गूगल १६ सांगतं. दोष पदावली लिहिणाऱ्याचा आहे. ८ ÷ (२ × (२ + २)) किंवा (८ ÷ २) × (२ + २) यांतलं काय हवं ते त्यानेच लिहायला हवं होतं.

वहीतली अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचंही काम करते. टाइप करताना ती जाते आणि तो कंसही. वर ८ + ४, खाली २ + १ असेल तर उत्तर ४. पण ८+४/२+१ टाइप केलं तर ११. तिथे (८+४)/(२+१) असंच लिहावं लागतं.

कंचेभागुबेवमध्ये घातांक नाही. तो कंसानंतर आणि गुणाकार-भागाकाराच्या आधी सोडवतात, म्हणून वहीत उणे चिन्हापुढे ३ चा वर्ग असेल तर −९. एक्सेल मात्र =-३^२ चं उत्तर ९ देतं, कारण ते आधी उणे चिन्ह लावतं आणि मग वर्ग करतं. =-(३^२) लिहिलं की −९ मिळतात.