घरच्या ग्रो लाइटसाठी एलईडी पट्टीला साजेसा ड्रायव्हर कसा निवडावा

घरात झाडं वाढवायच्या दिव्यासाठी दुकानात ड्रायव्हर (एलईडींना हवा तेवढा करंट आणि व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) मागितला की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा?" खरं तर तो शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आधी दोन आकडे लागतात: पट्टीला किती करंट द्यायचा, आणि तेवढा करंट वाहताना तिला किती व्होल्ट लागतात. वॅट म्हणजे या दोन आकड्यांचा गुणाकार. वॅट जुळले आणि व्होल्ट जुळले नाहीत, तर दिवा पेटतच नाही, लुकलुकतो किंवा काही महिन्यांत पट्टी काळी पडते.

पट्टी कोणत्या जातीची आहे?

गुंडाळीत मिळणारी लवचिक पट्टी १२ किंवा २४ व्होल्टची असते. तिच्यावर एलईडींसोबत बारीक रेझिस्टर बसवलेले असतात आणि करंट तेच आवरतात, म्हणून तिला साधा स्थिर व्होल्टेजचा पॉवर सप्लाय पुरतो. गणित सोपं आहे. ६० एलईडींची पट्टी मीटरला १४.४ वॅट घेत असेल, तर ५ मीटरला ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ६ अँपिअर. सप्लाय पूर्ण क्षमतेवर राबवू नये, म्हणून १०० वॅटचा घ्या. पाचही मीटरला एकाच टोकातून वीज दिली तर पट्टीतला पातळ तांब्याचा थर व्होल्ट खातो आणि दुसरं टोक मंद दिसतं. वायर दोन्ही टोकांना जोडा.

पण या पट्टीत १२ पैकी सुमारे ९.३ व्होल्टच एलईडींच्या कामी येतात. उरलेले २.७ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ २२ टक्के वीज, रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जाते. मेथी-मोहरीच्या मायक्रोग्रीन्सच्या एखाद्या ट्रेवर हे चालून जातं. रोज १६ तास दिवा जळणार असेल तर नाही.

दुसरी जात म्हणजे ॲल्युमिनियमच्या पाठीची कडक पट्टी. तिच्यावर रेझिस्टर नसतात. एलईडीवरचा व्होल्टेज थोडासा वाढला तरी करंट झपाट्याने वाढतो, शिवाय पट्टी तापली की तिला लागणारे व्होल्ट घटतात. स्थिर व्होल्टेजवर ठेवलेली पट्टी तापते, जास्त करंट ओढते, आणखी तापते. म्हणून तिला करंट बांधून ठेवणारा ड्रायव्हर लागतो. पुढचं सगळं याच जातीबद्दल आहे.

आधी प्रकाशाचा हिशेब

४ फूट बाय २ फूट शेल्फ धरू, म्हणजे ०.७४ चौरस मीटर. लेट्यूस, पालक, तुळस यांना पानांच्या पातळीवर सेकंदाला चौरस मीटरमागे २५० मायक्रोमोल (झाडांवर पडणाऱ्या प्रकाशकणांची मोजणी) प्रकाश १६ तास मिळाला की चांगली वाढ होते. दिवसाची बेरीज साधारण १४.४ मोल होते. चांगली पांढरी पट्टी एका वॅटमागे सेकंदाला सुमारे २.२ मायक्रोमोल देते आणि त्यातला ८० टक्के प्रकाश झाडांवर पडतो असं धरलं, तर सुमारे १०५ वॅट लागतात. टोमॅटो-मिरचीला याच्या दुप्पट तरी हवेत. रंग ३५०० ते ४००० केल्विनचा साधा पांढरा घ्या. जांभळ्या उजेडात पानांवरची कीड आणि पिवळेपणा नीट दिसत नाही, आणि घरात तो नकोसाही होतो.

समजा ५६ सेंटिमीटरच्या पट्टीच्या डेटाशीटवर (उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकावर) ७०० मिलिअँपिअरला १९.५ व्होल्ट दिले आहेत. एक पट्टी १३.६५ वॅटची, तर ८ पट्ट्या १०९ वॅटच्या. आपलं काम झालं. डेटाशीट नसलेली पट्टी घेऊ नका. पाकिटावरच्या '१०० वॅट'ला काही अर्थ नसतो.

८ पट्ट्या, तीन जोडण्या

सिरीजमध्ये (एकीमागे एक) व्होल्टची बेरीज होते, पॅरललमध्ये (सगळ्यांचे प्लस एकत्र, मायनस एकत्र) करंटची.

सगळ्या ८ सिरीजमध्ये जोडल्या तर १५६ व्होल्ट, ०.७ अँपिअर. मीनवेल कंपनीचा एचएलजी-१२०एच-सी७००ए ड्रायव्हर १०७ ते २१५ व्होल्टपर्यंत ७०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे तो अचूक बसतो. प्रत्येक पट्टीत हुबेहूब सारखा करंट जातो आणि वायर बारीक चालते. अडचण एकच आहे, पण मोठी: ६० व्होल्टच्या वरचा डीसी धोकादायक मानला जातो, आणि इथे पाण्याच्या कॅनजवळ १५६ व्होल्ट खेळवायचे आहेत.

सगळ्या ८ पॅरललमध्ये जोडल्या तर १९.५ व्होल्ट, ५.६ अँपिअर. २० व्होल्ट, ६ अँपिअरचा एचएलजी-१२०एच-२०ए चालतो, त्याच्यावरचा व्होल्टेजचा स्क्रू मात्र थोडा वर न्यावा लागतो. शॉकचा धोका जवळपास नाही, पण वायर जाड लागते. १ चौरस मिलिमीटरची वायर २ मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन ४ मीटरांत सुमारे ०.४ व्होल्ट गळतात.

आमची पसंती मधल्या वाटेला: दोन-दोन पट्ट्या सिरीजमध्ये आणि अशा चार जोड्या पॅरललमध्ये. ३९ व्होल्ट, २.८ अँपिअर. ४२ व्होल्ट, २.९ अँपिअरचा एचएलजी-१२०एच-४२ए यासाठी योग्य. व्होल्ट ६० च्या आत राहतात आणि वायरीतली गळती निम्मी होते.

ड्रायव्हरची वरची मर्यादा जोडलेल्या पट्ट्यांच्या व्होल्टपेक्षा निदान ५ ते १० टक्के जास्त हवी, कारण थंड पट्टी सुरुवातीला थोडे जास्त व्होल्ट मागते. खालची मर्यादाही बघा. वरच्या सी७०० ड्रायव्हरला ४ पट्ट्या लावल्या तर ७८ व्होल्टच होतात, त्याला किमान १०७ लागतात. नावाच्या शेवटी 'ए' असेल तर करंट बदलायचा स्क्रू ड्रायव्हरवरच असतो, २०ए आणि ४२ए वर व्होल्टेजचाही असतो. 'बी' असेल तर वेगळा डिमर जोडता येतो. बल्ब-ट्यूबमधून काढलेले नॉन-आयसोलेटेड ड्रायव्हर वापरू नका, त्यांच्या आउटपुटला हात लागला तर २३० व्होल्टला हात लावल्यासारखंच आहे.

जोडणी

१. ॲल्युमिनियम चॅनेलचे ६० सेंटिमीटरचे ८ तुकडे १२० सेंटिमीटरच्या दोन अँगलवर १५ सेंटिमीटर अंतराने आडवे बसवा. पट्ट्या एम३ स्क्रूने आवळा. स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर हवाच, नाहीतर डोकं ट्रेसला (पट्टीवरच्या तांब्याच्या रेघेला) टेकून शॉर्ट होतं.

२. जोडीतल्या पहिल्या पट्टीचा मायनस दुसरीच्या प्लसला जोडा. पहिलीचा प्लस आणि दुसरीचा मायनस मुख्य वायरींकडे न्या. पट्टीवरच्या दाबून बसणाऱ्या कनेक्टरला एकतारी ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर बरी. बहुतारी वायर आत नीट शिरत नाही.

३. सांगाड्याला अर्थिंग द्या. सॉकेटच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) असावा. ड्रायव्हर शेल्फच्या बाहेर, पाण्यापेक्षा उंच टांगा आणि वायरला खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळ प्लगपर्यंत पोहोचत नाही.

४. मेन बंद असतानाच ड्रायव्हरला पट्ट्या जोडा. चालू ड्रायव्हरच्या कपॅसिटरमध्ये पूर्ण व्होल्टेज साठलेला असतो, पट्टी टेकवताच तो एका झटक्यात तिच्यात जातो.

५. करंटचा स्क्रू सर्वात खाली, म्हणजे १.४५ अँपिअरला आणा आणि मग मेन चालू करा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून मुख्य वायरीत सिरीजमध्ये जोडलेला असू द्या. सावकाश २.८ अँपिअरपर्यंत चढवा. स्क्रू नाजूक असतो, शेवट आला की जोर लावू नका. स्वस्त मीटरच्या या खाचेला फ्यूज नसतो आणि ती काही सेकंदांपुरतीच असते. रीडिंग घेतलं की मेन बंद करून तार पुन्हा व्होल्टच्या खाचेत टाका. हे विसरून व्होल्ट मोजायला गेलात तर थेट शॉर्ट होतो.

६. आता एकेका जोडीचा करंट मोजा, दर वेळी मेन बंद करूनच मीटर हलवा. ०.७ च्या आसपास हवा. ५-७ टक्क्यांचा फरक चालतो. त्याहून जास्त फरक असेल तर पट्ट्या वेगवेगळ्या लॉटच्या आहेत, किंवा एखादी चॅनेलला नीट चिकटलेली नाही.

७. तासाभराने चॅनेलला हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर तापमान ५५ अंशांच्या पुढे आहे. करंट थोडा उतरवा किंवा मोठं चॅनेल घ्या.

रोपांपासून २५ ते ३० सेंटिमीटर उंचीवर टांगा. नुकत्या उगवलेल्या रोपांसाठी तोच स्क्रू १.४५ वर ठेवला की प्रकाश साधारण निम्मा होतो. विजेचा खर्च: ड्रायव्हरची गळती धरून सुमारे ११८ वॅट, १६ तासांत १.९ युनिट, महिन्याला ५७.

बिघाड कुठे शोधायचा

एक जोडी बंद आणि बाकीच्या जास्त प्रखर: कुठे तरी तार सुटली आहे, किंवा जोडी उलट लागली आहे. तिचा करंट उरलेल्या तिघींत वाटला जातो, म्हणजे जोडीमागे ०.९३ अँपिअर. पट्टीची कमाल मर्यादा त्याहून कमी असेल तर लगेच बंद करा.

सेकंदा-सेकंदाला लुकलुकणं: एकूण व्होल्टेज ड्रायव्हरच्या खालच्या मर्यादेच्याही खाली आहे. पट्ट्या वाढवा किंवा ड्रायव्हर बदला.

सगळंच मंद आणि स्क्रू फिरवूनही फरक नाही: व्होल्टेजचा स्क्रू फार खाली आहे. तो वर न्या, मग करंटचा स्क्रू ताबा घेतो.

टायमरची वेळ संपूनही दिवा जळतच राहणं: ड्रायव्हर चालू होताना क्षणभर ५०-६० अँपिअर ओढतो, त्यामुळे हलक्या टायमरचे कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटतात. १६ अँपिअरचा टायमर घ्या. दोन-तीन ड्रायव्हर असतील तर टायमरने कॉन्टॅक्टर (मोठा करंट झेलणारा, विजेने चालणारा स्विच) चालवा आणि ड्रायव्हर कॉन्टॅक्टरवर टाका.