बोयाकडे जाताना शिडाच्या नौकेचा वेग कसा आवरावा

शिडाच्या नौकेला ब्रेक नसतो. बोयाशी (नौका बांधण्यासाठी पाण्यात नांगरलेल्या तरंगत्या खुणेशी) येऊन थांबायचे असेल, तर शिडातला वारा हवा तेव्हा काढून घेता आला पाहिजे आणि वेग कमी पडला तर तो पुन्हा भरताही आला पाहिजे. या दोन्ही गोष्टी साधतील अशी दिशा निवडणे हेच या कामातले मुख्य कौशल्य आहे.

आधी आसपास बांधलेल्या, आपल्यासारख्याच घडणीच्या नौका पाहाव्यात. त्यांच्या नाळा (पुढची टोके) वाऱ्याकडे रोखलेल्या असतील, तर पुढचे शीड उतरवावे आणि केवळ मुख्य शिडावर, वाऱ्याच्या रेषेशी सुमारे 60 अंशांचा कोन ठेवून बोयाकडे यावे. याहून वाऱ्याच्या फार जवळ गेल्यास शीड भरत नाही आणि गेलेला वेग परत मिळत नाही. फार दूर राहिल्यास बूम (मुख्य शिडाच्या तळाची आडवी काठी) डोलकाठीच्या बाजूच्या तारांना अडते आणि शीड आवळणारा दोर सोडूनही शीड ओढतच राहते. म्हणून बरेच अंतर शिल्लक असतानाच दोर पूर्ण सैल करून पाहावा. शीड सबंध फडफडले तर कोन बरोबर आहे. न फडफडल्यास वाऱ्याच्या खालच्या बाजूला (वारा जिकडे वाहतो तिकडे) आणखी उतरावे आणि मग बोयाकडे वळावे.

पुढे दोर थोडा ओढत, थोडा सोडत वेग टप्प्याटप्प्याने उतरवावा. जड कील (तळाचा वजनदार पाता) असलेली नौका शीड रिकामे झाल्यावरही बरीच पुढे सरकते, तर हलकी डिंगी (छोटी उघडी नौका) जवळजवळ लगेच थांबते. हा अंदाज मोकळ्या पाण्यात आधीच घेऊन ठेवावा. वेग निम्मा केला की गतिज ऊर्जा एक चतुर्थांश होते, त्यामुळे लवकर मंदावणे फायद्याचेच. मात्र पाण्याच्या तुलनेत वेग फारच घटला, तर सुकाणूची पकड सुटते.

वारा आणि प्रवाह परस्परविरुद्ध असतील आणि बांधलेल्या नौका प्रवाहाकडे तोंड करून असतील, तर हा क्रम उलटतो. वारा मागून येत असताना मुख्य शीड रिकामे करता येत नाही, म्हणून ते आधीच उतरवून फक्त पुढच्या शिडावर प्रवाहाच्या विरुद्ध यावे. सुकाणूवरून पाणी वाहत असल्याने जमिनीच्या हिशेबाने नौका जवळजवळ थांबलेली असतानाही ती वळवता येते. जोरदार वाऱ्यात पुढचे शीडही गुंडाळावे. उघड्या डोलकाठीवर मिळणारा रेटा अनेकदा पुरतो.

तरीही वेग जास्त राहिलाच, तर बोया धरण्याचा हट्ट करू नये. छोट्या नौकेत बूम हाताने वाऱ्याविरुद्ध ढकलून वेग थोडा मोडता येतो. मोठ्या नौकेत मात्र बोया सोडून पुढे निघून जावे आणि मोकळ्या बाजूने वळसा घेऊन पुन्हा यावे.