मायक्रोस्कोपखाली हिरड्यांवर उपचार करताय? या चुका टाळा

क्लिनिकमध्ये नवा मायक्रोस्कोप आला की महिन्याभरात ज्युनिअर डॉक्टरांचा फोन येतो. "मॅडम, डोकं दुखतं, एकाच्या जागी दोन गोल दिसतात, मशीनमध्ये बिघाड आहे का?" बिघाड बहुतेक वेळा नसतोच, मशीन त्यांच्या डोळ्यांना लावून घेतलेलं नसतं. कंपनीचा माणूस डेमो देताना स्वतःच्या डोळ्यांना लावतो आणि निघून जातो. पुढे सगळे तसंच वापरतात.

मी काय करते ते सांगते. कोऱ्या कागदावर पेन्सिलने फुली काढून तो पेशंटच्या खुर्चीवर ठेवायचा. दोन्ही आयपीसचे (डोळे लावायच्या भिंगांचे) आकडे शून्यावर आणायचे आणि दोन गोलांचा एक गोल होईपर्यंत त्यांच्यातलं अंतर बदलायचं. मग सर्वांत जास्त मोठं दाखवणाऱ्या आकड्यावर जाऊन फुली स्पष्ट करायची. आता मायक्रोस्कोप न हलवता सर्वांत कमी आकड्यावर यायचं. एक डोळा झाकायचा, उघड्या डोळ्याचा आयपीस आधी पूर्ण अधिकच्या (+) बाजूला फिरवायचा आणि हळूहळू मागे आणत फुली स्पष्ट दिसली की थांबायचं. तसंच दुसऱ्या डोळ्याचं. दोन्ही आकडे डायरीत लिहून ठेवा. चष्म्यात सिलिंडरचा नंबर असेल तर चष्मा लावूनच काम करा आणि आयपीसची रबरं दुमडा. याला दहा मिनिटं लागतात. एवढं केलं की पुढे आकडा बदलला तरी चित्र स्पष्ट राहतं आणि सारखं फोकसशी झगडावं लागत नाही.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, आणि तिची किंमत पेशंटने मोजली. खालच्या पहिल्या दाढेचा फ्लॅप उघडला होता, म्हणजे हिरडी कापून बाजूला केली होती. मायक्रोस्कोप नवा होता आणि १६ पटीवर पुढच्या मुळावरचा कॅल्क्युलसचा (दातावर साचलेल्या कडक थराचा) कण न् कण दिसत होता. मी चाळीस मिनिटं त्या एका मुळावर घालवली आणि समाधानाने टाके घातले. तीन महिन्यांनी काकू परत आल्या. "डॉक्टर, पुन्हा पू येतोय हो." पुन्हा उघडलं, या वेळी ५ पटीवर. मागच्या मुळाच्या आतल्या बाजूला, दोन मुळांच्या फाट्यात, कॅल्क्युलसचा काळा पट्टा तसाच होता. १६ पटीवर एवढासा भाग दिसतो की शेजारचं मूळ नजरेतून सुटतं, आणि एका वेळी किती खोलपर्यंत स्पष्ट दिसतं तेही कमी होत जातं. शिवाय त्या फाट्याचं तोंडच अरुंद असतं. बॉवर या संशोधकाने १९७९ मध्ये पहिल्या दाढांची मापं घेतली, तेव्हा निम्म्याहून जास्त फाट्यांची तोंडं ०.७५ मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद निघाली. ग्रेसी क्युरेटचं (मूळ खरवडायच्या हत्याराचं) पातं साधारण तेवढंच किंवा जास्त रुंद असतं. म्हणजे मूळ स्वच्छ दिसलं तरी पातं आत गेलंच नव्हतं. तिथे अल्ट्रासॉनिक स्केलरचं (कंपनांनी कॅल्क्युलस काढणाऱ्या यंत्राचं) बारीक टिप लागतं, आणि आत जायची वाट नेबर्स प्रोबने (फाटा तपासायच्या वाकड्या सळईने) आधी शोधावी लागते.

तेव्हापासून माझी सवय ठरली आहे. सुरुवात ४ ते ६ पटीवर, सगळा भाग नजरेखालून घालायचा. एखादी जागा शंकेची वाटली तरच १० च्या पुढे जायचं आणि काम झालं की परत खाली यायचं. टाके घालण्याआधी सर्वांत कमी आकड्यावर सगळं पुन्हा एकदा बघायचं. घाईत असतील त्यांना हे वर-खाली करणं वेळेचा अपव्यय वाटतं. मला तो दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा स्वस्त वाटतो.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे मिश्री. वर्षानुवर्षं मिश्री लावणाऱ्या बायकांच्या उघड्या पडलेल्या मुळांवर काळे-तपकिरी डाग बसलेले असतात, आणि मोठं करून बघितलं की ते थेट कॅल्क्युलससारखे दिसतात. नवखा डॉक्टर खरवडत सुटतो. डाग जात नाही, मुळाचा थर मात्र जातो आणि पेशंटला गार पाणी सोसत नाही. मायक्रोस्कोप रंग दाखवतो, खरबरीतपणा हाताला कळतो. एक्स्प्लोरर (बारीक टोकाची सळई) फिरवा. गुळगुळीत लागलं तर थांबा. बंद पॉकेटमध्ये (दात आणि हिरडीमधल्या खोल फटीत) तर मायक्रोस्कोपने फक्त तोंडाशीच दिसतं, तळ प्रोबनेच समजतो. प्रोब बाजूला ठेवणाऱ्यांच्या हाती मी मायक्रोस्कोप देणार नाही.

टाक्यांबद्दल. बर्कहार्ट आणि लँग या संशोधकांनी २००५ मध्ये १० पेशंटच्या वरच्या सुळ्यांवर, हिरडी सरकून उघडं पडलेलं मूळ झाकायच्या ऑपरेशनची तुलना केली: एका बाजूला मायक्रोस्कोपखालची मायक्रोसर्जरी, दुसऱ्या बाजूला नेहमीची पद्धत. वर्षभरानंतर उघड्या मुळाचा सुमारे ९८ टक्के भाग मायक्रोसर्जरीने झाकलेला राहिला, नेहमीच्या पद्धतीने सुमारे ९०. हे आकडे सगळे सांगतात. त्यात हत्यारं आणि धागेही बारीक होते, हे सांगायचं राहून जातं. मायक्रोस्कोप लावून ३-० च्या धाग्याने (पहिला आकडा जितका मोठा, तितका धागा बारीक) टाके घालणं मला समजत नाही. जाड धागा ओढला की हिरडी फाटते, ७-० चा ओढला की आधी धागा तुटतो, म्हणजे हिरडी वाचते. पण बारीक सुई मोठ्या नीडल होल्डरमध्ये (सुई धरायच्या चिमट्यात) वाकते आणि हात थरथरतो, म्हणून सराव हवा. मी शिकाऊ मुलांना आधी ताणलेल्या रबर डॅमवर (रबराच्या पातळ पडद्यावर), मग बोकडाच्या जबड्यावर टाके घालायला लावते. मनगट आणि करंगळी टेकलेली हवी. दोन दिवसांची कार्यशाळा करून तिसऱ्या दिवशी पेशंटवर ६-० वापरणाऱ्यांना मी दरवेळी अडवते, आणि अडवत राहीन.

बाकी छोट्या गोष्टी. दिसत नसेल तर आपली मान वाकवू नका, पेशंटचं डोकं आणि आरसा हलवा. सक्शन धरणाऱ्या सिस्टरला स्क्रीनवर चित्र दिसू द्या, नाहीतर नळी नेमकी मध्ये येते. हत्यार घेताना आयपीसमधून नजर काढायची नाही, सिस्टरने ते हातात बरोबर दिशेने द्यावं, याचा सराव दोघांनी मिळून करा. प्रखर प्रकाशात उघडी हिरडी वाळते, सलाइन घालत राहा. पेशंटच्या डोळ्यांवर गडद चष्मा हवाच. स्केलरचे तुषार लेन्सवर उडतात, म्हणून खाली संरक्षक काच लावा. आणि लेन्स गॉजने पुसू नका, ओरखडे पडतात.