जर्मनीत आलात? पहिलं क्युंडिगुंग लिहिण्याआधी

आल्याआल्या सगळे अनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, आणि बँकेच्या मागे लागतात. क्युंडिगुंगचं, म्हणजे करार संपवण्याच्या पत्राचं, कुणी सांगत नाही. पहिलं घर सोडताना मी घरमालकांना छान ईमेल केला. उत्तर आलं, हे चालत नाही. घराचं क्युंडिगुंग कागदावरच हवं, खाली शाईची सही हवी. करारात नवराबायको दोघं असतील तर दोघांचीही. आणि ते महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत समोरच्याला मिळायला हवं. मार्चमध्ये वेळेत पोचलं तर ३१ मेला सुटका. माझं चार दिवस उशिरा पोचलं, महिन्याचं भाडं अंगावर पडलं.

पत्राची मांडणी 'डिन ५००८' या जर्मन मानकात ठरलेली आहे. सगळं पाठ करू नका, पत्ता तेवढा खिडकीत बसवा. इथली पाकिटं बहुतेक खिडकीची. नेहमीच्या बी नमुन्यात पत्त्याची चौकट वरून ४५ आणि डावीकडून २० मिलिमीटरवर सुरू होते; घड्या वरून १०५ आणि २१० मिलिमीटरवर. पत्र आत घालून पाकीट टेबलावर चारही कडांनी आपटून बघा. शेवटच्या ओळीतला पाच आकडी पिनकोड कडेआड सरकला, तर पुन्हा छापा.

मग विषय. ठळक अक्षरांत, शेवटी पूर्णविराम नाही, आणि आधी 'विषय' हा शब्दही नाही. आपला हात 'विषय :' लिहायला शिवशिवतो, आवरा. ग्राहक क्रमांक किंवा करार क्रमांक मात्र विसरू नका, नाहीतर पत्र कुणाच्या टेबलावर जाईल देव जाणे.

'झेअर गेएर्टे डामेन उंड हेरेन', म्हणजे आदरणीय महोदया आणि महोदय, या मायन्यानंतर स्वल्पविराम, एक ओळ मोकळी, आणि पुढचं वाक्य लहान अक्षराने. पहिला शब्द नाम किंवा आदरार्थी 'झी', म्हणजे तुम्ही, असेल तरच मोठं. इंग्रजीच्या सवयीने 'इश', म्हणजे मी, मोठ्या अक्षरात लिहू नका. इथे मी लहान, तुम्ही मोठे. आपल्या स. न. वि. वि.ला एवढीच जागा! शेवटच्या 'मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन', म्हणजे स्नेहपूर्वक नमस्कार, यानंतर स्वल्पविराम नाही. खाली सही, सहीखाली नाव, सोबत कागद असतील तर 'अनलागे', म्हणजे सोबत जोडलेले.

मजकूर दोन-तीन वाक्यांचा पुरे. आपली माणसं घर का सोडतोय, आई कशी आजारी आहे, सगळं लिहून माफीही मागतात. भाडेकरूला कारण द्यावं लागत नाही. 'त्सुम नेक्स्टम्योग्लिशेन त्साइटपुंक्ट', म्हणजे लवकरात लवकरच्या तारखेपासून, एवढं लिहा आणि लेखी पोच मागा.

दुसऱ्या घराच्या वेळी मालक दोन गल्ल्या पलीकडेच राहत होते. शेजाऱ्याला आधी पत्र वाचायला दिलं, मग त्याच्यासमोर त्यांच्या पेटीत टाकलं. त्याने माझ्या प्रतीवर तारीख आणि वेळ लिहून सही केली.